अँगर : दुःखाच्या पोटी जन्मलेला राग

१/
नॉर्वेमध्ये संगणकावर लिहिताना शेवटची कृती मागे घ्यायची असेल, तर ज्या बटणावर टिचकी मारावी लागते, त्यावर ‘आंग्रे’ असा शब्द असतो. मराठी वाचकाला सरखेल कान्होजी आंग्रे आठवणे साहजिक आहे. परंतु आरमाराच्या त्या घराण्याशी या शब्दाचे काही नाते नाही. नॉर्वेजियन भाषेत ‘आंग्रे’ म्हणजे पश्चात्ताप करणे, झाल्या गोष्टीची खंत वाटणे. या क्रियापदाचे सख्खे भावंड इंग्रजीत आहे आणि ते शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे : ‘अँगर’, म्हणजे राग.

२/
एकाच घरातून निघालेले दोन शब्द. एकाच्या वाट्याला खंत आली, दुसऱ्याच्या वाट्याला राग. स्वीडिश भाषेतही ‘ओंगर’ म्हणजे पश्चात्तापच. मग इंग्रजीतच हा शब्द संतापून का उठला? या प्रश्नाच्या उत्तरात व्हायकिंगांच्या स्वाऱ्या आहेत, नॉर्मन राजवट आहे, अठराव्या शतकातील एका शल्यचिकित्सकाचा मृत्यू आहे आणि थेट ऋग्वेदापर्यंत जाणारी एक वाटही आहे.

३/
आधी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ‘अँगर’ हा संस्कृत ‘अंगार’ शब्दापासून आला, असे विधान अनेकदा ऐकू येते. ऐकायला ते पटतेही. राग आणि निखारा यांची सांगड कोणाच्याही मनात सहज बसते. परंतु शब्दांची वंशावळ केवळ उच्चारसाम्यावर ठरत नाही. तसे असते तर नॉर्वेचे बटण आणि कुलाब्याचे आंग्रेही एकाच कुळातले ठरले असते.

४/
व्युत्पत्ती तपासताना दोन गोष्टी पाहिल्या जातात. पहिली, त्या शब्दाचे इतर भाषांतील नातलग कोण. ‘अंगार’चे नातलग स्पष्ट आहेत : लिथुआनियन ‘अंग्लिस’ आणि रशियन ‘ऊगल्य’. दोहोंचा अर्थ कोळसा. दुसरी गोष्ट, शब्दाचा सर्वांत जुना नोंदलेला अर्थ कोणता. ‘अँगर’च्या सर्वांत जुन्या अर्थात आग नाही, उष्णता नाही, निखाराही नाही. तिथे आहे ते केवळ दुःख. त्यामुळे ‘अंगार’ आणि ‘अँगर’ ही दोन वेगळ्या कुळांतली नावे आहेत.

५/
या शब्दाचे मूळ उत्तर युरोपातील जुन्या नॉर्स भाषेत आहे. व्हायकिंगांच्या या भाषेत ‘आंग्र’ म्हणजे शोक, क्लेश, मनस्ताप. नॉर्स पुराणकथांत ‘आंग्रबोदा’ नावाची एक राक्षसीण आहे. तिच्या नावाचा अर्थ ‘क्लेश आणणारी’ असा लावला जातो. लोकी या कपटी देवापासून तिला तीन अपत्ये झाली : फेनरिर हा लांडगा, सगळ्या जगाला वेढणारा महासर्प आणि मृतांच्या लोकाची राणी हेल. तिच्या नावातला ‘आंग्र’ संकटाची चाहूल देतो, रागाची नव्हे.

६/
मग व्हायकिंग येण्यापूर्वी इंग्लंडमधील लोक रागाला काय म्हणत? त्यांच्यापाशी शब्दांची वाण नव्हती. जुन्या इंग्रजीत ‘यरे’ हा एक शब्द होता. त्याच्या मुळाशी वाट चुकण्याची, भरकटण्याची कल्पना होती. ‘गेबोल्गेन’ म्हणजे फुगलेला, सुजलेला. तोच शब्द रागावलेल्या माणसासाठीही वापरला जाई. ‘बेओवुल्फ’ या महाकाव्यात राजाच्या सभागृहाचे दार फोडून आत शिरणाऱ्या ग्रेंडेल या राक्षसाला हेच विशेषण लावलेले आहे.

७/
‘रॅथ’ हा शब्दही त्याच काळातला. त्याचे मूळ ‘पिळणे, पीळ घालणे’ या अर्थाच्या क्रियापदात सापडते. वेदनेने तळमळणे या अर्थाचे इंग्रजी ‘राइद’ हे क्रियापद त्याच कुळातले. आणखी एक शब्द होता ‘टोर्न’. त्याचा अर्थ राग, आणि त्याचाच अर्थ दुःखही. जर्मनमध्ये त्याचे भावंड ‘त्सोर्न’ आजही रागासाठी वापरले जाते. इंग्रजीतून मात्र ‘टोर्न’ नाहीसा झाला. राग आणि दुःख एकाच शब्दात मावतात, हे त्या समाजाला नवे नव्हते, एवढे यावरून दिसते.

८/
इ.स. ७९३ मध्ये व्हायकिंगांनी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील लिंडिस्फार्नचा मठ लुटला. पुढची काही दशके लुटून परत जाण्याची होती. ८६५ मध्ये मात्र मोठे सैन्य उतरले आणि ते परत गेले नाही. पुढच्याच वर्षी यॉर्क पडले. ८७८ मध्ये वेसेक्सचा राजा आल्फ्रेड याने एडिंग्टनच्या लढाईत त्यांना रोखले. पण उत्तर आणि पूर्व इंग्लंडचा मोठा भाग डेन लोकांच्या अमलाखाली राहिला. इतिहासात हा प्रदेश ‘डेनलॉ’ म्हणून ओळखला जातो.

९/
तलवारी म्यान झाल्यावर नांगर चालू लागले. डेन शेतकरी झाले, बाजारात बसू लागले, स्थानिक कुटुंबांशी सोयरिकी जुळल्या. दोन्ही भाषा जर्मानिक कुळातल्या असल्याने एकमेकांचे बोलणे बऱ्यापैकी कळत असे. डर्बी, व्हिटबी, ग्रिम्सबी या गावांच्या नावांतला ‘बी’ म्हणजे नॉर्स भाषेतले गाव किंवा वस्ती. आज उत्तर इंग्लंडचा नकाशा पाहताना डेन कुठे स्थायिक झाले, हे गावांच्या नावांवरून ओळखता येते.

१०/
या सहवासातून इंग्रजीत शेकडो नॉर्स शब्द आले, आणि ते घरगुती वापराचे होते. ‘एग’, ‘नाइफ’, ‘स्काय’, ‘स्किन’, ‘लेग’, ‘लॉ’, ‘हजबंड’ हे सर्व नॉर्स वारशाचे. ‘विंडो’ म्हणजे मुळात ‘वाऱ्याचा डोळा’. ‘दे’ हे सर्वनामसुद्धा नॉर्समधूनच आले. सर्वनाम उसने घेणे ही भाषांच्या इतिहासात दुर्मीळ घटना असते. दोन समाज एका चुलीभोवती बसल्याशिवाय ती सहसा घडत नाही. ‘आंग्र’ याच रांगेतून, घरातल्या दुःखाचा शब्द म्हणून, इंग्रजीत शिरला.

११/
इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला एक प्रश्न पडायला हवा. व्हायकिंग नवव्या शतकात स्थायिक झाले; मग ‘अँगर’ लेखनात इ.स. १२०० च्या सुमारास का दिसू लागतो? कारण जुन्या इंग्रजीतले जे लेखन टिकले, ते बहुतांशी दक्षिणेकडील वेसेक्सच्या बोलीतले आहे. डेन वसले होते उत्तरेत आणि पूर्वेत. १०६६ मध्ये नॉर्मन विजयानंतर राजदरबाराची भाषा फ्रेंच झाली आणि इंग्रजी लेखनाचा ओघ आटला. तो पुन्हा वाहू लागला तेव्हा ठिकठिकाणच्या बोली कागदावर उतरल्या, आणि लोकांच्या तोंडी रुळलेले नॉर्स शब्द प्रथमच ठळकपणे दिसले.

१२/
आरंभी क्रियापद म्हणून त्याचा अर्थ होता त्रास देणे, छळणे, डिवचणे. तेराव्या शतकातील नाम ‘अँगर’ म्हणजे क्लेश, यातना, संकट. शरीराच्या दुखण्यालाही ते लागू होई. त्या अर्थाचा एक अवशेष आजही जिवंत आहे : लाल होऊन सुजलेल्या, ठणकणाऱ्या जखमेला इंग्रजी बोलणारे डॉक्टर ‘अँग्री’ म्हणतात. जखम कोणावर रागावलेली नसते. ती दुखत असते, आणि शब्द आपला जुना अर्थ आठवत असतो.

१३/
चौदाव्या शतकात अर्थाचे पारडे रागाकडे झुकू लागले. हा बदल एका रात्रीत झाला नाही. काही पिढ्या दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदत होते. म्हणूनच त्या काळचे इंग्रजी लेखन वाचताना सावध राहावे लागते. एखाद्या पात्राच्या वाट्याला ‘अँगर’ आला असे लिहिलेले असेल, तर आजचा वाचक त्याला मुठी आवळलेला कल्पील; प्रत्यक्षात ते पात्र कदाचित आप्ताच्या वियोगाने रडत असेल. ओळखीचा दिसणारा शब्द जुन्या कागदपत्रांत सर्वांत अधिक फसवतो, ही शिकवण मोडीतील बखर वाचणाऱ्यालाही तितकीच लागू आहे.

१४/
दुःखाचा शब्द रागाकडे का वळला? त्याचा एक मार्ग व्याकरणातच दिसतो. ‘अँगर’ क्रियापद म्हणून ‘दुसऱ्याला क्लेश देणे’ असे होते. ज्याला क्लेश दिले, तो प्रथम दुखावतो आणि मग उसळतो. दुखावणे आणि उसळणे या दोन क्षणांत अंतर फार थोडे असते. बोलणाऱ्यांच्या तोंडी हा शब्द हळूहळू पहिल्या क्षणावरून दुसऱ्या क्षणावर सरकला. मराठीत ‘त्याला ते फार लागले’ असे म्हटल्यावर तो दुःखी झाला की रागावला, हे पुढचे वाक्य ऐकल्याशिवाय कळत नाही. ‘अँगर’ काही काळ त्याच उंबरठ्यावर उभा होता.

१५/
दरम्यान नॉर्मन लोकांनी रागाची आपली शिदोरी सोबत आणली होती. ‘आयर’ हा शब्द लॅटिन ‘इरा’पासून फ्रेंचमार्गे आला. चर्चच्या शिकवणीतील सात महापातकांपैकी एक म्हणजे ‘इरा’. चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मधील पाद्री सात पातकांवर प्रवचन देतो, तेव्हा तो ‘आयर’ हाच शब्द वापरतो. ‘रेज’ लॅटिन ‘राबिएस’पासून आला, म्हणजे पिसाळलेल्या कुत्र्याच्या रोगावरून, फ्रेंचमध्ये ‘राज’ हे आजही त्या रोगाचे नाव आहे. ‘फ्यूरी’च्या मागे उभ्या आहेत सूड घेणाऱ्या रोमन देवता, फ्युरी भगिनी.

१६/
आणखी एक शब्द वैद्यकातून आला : ‘कॉलर’. सदऱ्याच्या कॉलरशी त्याचा संबंध नाही. ग्रीक वैद्यकानुसार शरीरात चार द्रव असतात आणि त्यांपैकी पिवळे पित्त वाढले की माणूस तापट होतो. त्या पित्ताच्या ग्रीक शब्दावरून ‘कॉलर’ म्हणजे राग, आणि त्याच कुळातून पुढे ‘कॉलरा’ हे रोगाचे नाव. फ्रेंचमध्ये ‘कोलेर’ म्हणजे आजही राग. मराठी माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. त्याचेही रागावल्यावर पित्तच खवळते.

१७/
सतराव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्रजाकडे रागाचे असे भरलेले कोठार होते : स्थानिकांचा ‘रॅथ’, व्हायकिंगांचा ‘अँगर’, नॉर्मनांचे ‘आयर’ आणि ‘रेज’, वैद्यांचा ‘कॉलर’. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये देवाच्या कोपासाठी ‘अँगर’ आणि ‘रॅथ’ हे दोन्ही येतात. जुन्या करारातील हिब्रू ‘अफ’ या शब्दाचे हे भाषांतर असते. गंमत अशी की, ‘अफ’ म्हणजे मुळात नाक. राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे केवळ मराठीनेच पाहिलेले नाही.

१८/
एका अर्थाचे इतके शब्द एका भाषेत फार काळ समान हक्काने राहू शकत नाहीत. त्यांच्यात वाटणी होते. ‘रॅथ’ हळूहळू देव, राजा आणि नियती यांच्याकडे गेला. त्यात शिक्षा करण्याचे सामर्थ्य गृहीत असते. ‘आयर’ पुस्तकी झाला. आज तो मुख्यतः वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत भेटतो, कारण तो जागा कमी घेतो. ‘रेज’मध्ये ताबा सुटल्याची खूण राहिली, रस्त्यावरच्या हाणामारीच्या बातमीत ‘रोड रेज’ येतो, ‘रोड रॅथ’ कधीच येत नाही. ‘कॉलर’ वैद्यकाच्या त्या सिद्धान्तासोबतच मागे पडला.

१९/
रोजच्या वापरात उरला तो ‘अँगर’. तो आईचा असू शकतो, नोकराचा असू शकतो, लहान मुलाचाही असू शकतो. रागावण्यासाठी सिंहासनावर बसण्याची अट त्याला नाही. ज्याच्या हाती शिक्षा करण्याचे बळ नाही, त्यालाही ‘अँगर’ येतो. मुळात सोसणाऱ्याचा शब्द असल्यामुळे तो सर्वांना परवडला, असे म्हणायला जागा आहे.

२०/
आता आणखी मागे जाऊ या. नॉर्स ‘आंग्र’ तरी कुठून आला? १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एक असावा, असा विचार मांडला. पुढच्या शतकातील अभ्यासकांनी त्या तर्कावर तुलनात्मक भाषाशास्त्राची इमारत उभी केली. या शास्त्रानुसार ‘आंग्र’च्या मुळाशी एक प्राचीन धातू आहे, आणि त्याचा अर्थ दुःखाहूनही साधा आहे : अरुंद असणे, आवळणे.

२१/
नातलगांची हजेरी घेतली की हे पटते. लॅटिन ‘अंगेरे’ म्हणजे गळा आवळणे आणि ‘अंगुस्तुस’ म्हणजे अरुंद. त्याच घरातून इंग्रजीतील ‘अँग्विश’ आणि ‘अँक्झायटी’ आले. जर्मन ‘एंग’ म्हणजे अरुंद आणि ‘आंग्स्ट’ म्हणजे भीती. नॉर्वेतील हार्डांगर, गेइरांगर आणि स्टाव्हांगर या स्थळनामांचा शेवटही अभ्यासक याच कल्पनेशी जोडतात : डोंगरांमध्ये चिणलेली समुद्राची चिंचोळी खाडी. राग, चिंता, यातना, भीती हे सगळे एकाच अरुंद बोळातून बाहेर पडलेले शब्द आहेत.

२२/
जुन्या इंग्रजीतही या धातूचे एक लेकरू होते : ‘आंग’, म्हणजे आवळलेले, दुखणारे. ते स्वतंत्रपणे टिकले नाही. पण एका किरकोळ शब्दात लपून राहिले. नखाच्या कडेला निघणाऱ्या दुखऱ्या सालीला इंग्रजीत ‘हँगनेल’ म्हणतात. मूळ रूपात ‘हँग’ नव्हताच, तो ‘आंग’ होता. अर्थ विसरल्यावर लोकांनी त्याला लोंबणाऱ्या सालीवरून ‘हँग’ करून टाकले. लोकव्युत्पत्ती अशी काम करते. ‘अँगर’ला ‘अंगार’ करणारी बुद्धी आणि ‘आंग’चा ‘हँग’ करणारी बुद्धी वेगळी नाही.

२३/
आणि संस्कृत? तेथेही हा धातू आहे, पण ‘अंगार’मध्ये नव्हे. वैदिक ‘अंहु’ म्हणजे अरुंद, आणि ‘अंहस्’ म्हणजे कोंडी, संकट, क्लेश. ऋग्वेदातील ऋषी देवांकडे वारंवार ‘अंहस्’पासून सुटका मागतात आणि त्याच्या उलट ‘उरु’ म्हणजे विस्तीर्ण, मोकळी जागा मागतात. संकटातून सोडवणाऱ्या इंद्राला ‘अंहोमुच्’ हे विशेषण मिळते. गुरांसाठी कुरण आणि वस्तीसाठी मोकळे रान शोधणाऱ्या समाजाला दुःख म्हणजे अडचणीची जागा वाटावी, हे स्वाभाविक होते. पुढच्या संस्कृतात ‘अंहस्’चा अर्थ पाप असा झाला.

२४/
म्हणजे एकाच धातूने प्रत्येक घरी वेगळा संसार थाटला. भारतात तो पाप झाला, जर्मनीत भीती, नॉर्वेत पश्चात्ताप, इंग्लंडमध्ये राग. परंतु प्रत्येक ठिकाणी मुळातला अनुभव तोच आहे : छाती आवळून येणे, श्वासाला जागा न उरणे. हा निव्वळ अलंकार नव्हे. वैद्यकाच्या इतिहासात हा अनुभव अक्षरशः एका रोगाचे नाव होऊन बसला.

२५/
१७६८ मध्ये लंडनचे वैद्य विल्यम हेबर्डन यांनी रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सपुढे एका विकाराचे वर्णन सादर केले. चालताना, विशेषतः चढ चढताना, छातीत असह्य आवळल्यासारखी कळ येते आणि थांबले की ती ओसरते. त्यांनी या विकाराला लॅटिन नाव दिले : ‘अंजायना पेक्टोरिस’, छातीचा आवळा. आज मराठी घरांतही ‘अंजायनाचा त्रास’ हे शब्द सर्रास ऐकू येतात. हा ‘अंजायना’ आणि तो ‘अँगर’ दूरचे चुलतभाऊ आहेत.

२६/
त्या दोघांची प्रत्यक्ष गाठ पडली ती जॉन हंटर यांच्या आयुष्यात. हंटर हे अठराव्या शतकातील ब्रिटनचे अग्रगण्य शल्यचिकित्सक. देवीच्या लसीचे जनक एडवर्ड जेन्नर त्यांचेच शिष्य. हंटर यांना अंजायनाचा विकार होता आणि स्वभाव तापट होता. राग आला की कळ उठते, हे त्यांनी स्वतःवरून ओळखले होते. कोणीही हलकट माणूस चिडवू लागला की आपला जीव त्याच्या हाती जातो, अशा आशयाचे उद्गार ते काढीत, असे सांगितले जाते.

२७/
१६ ऑक्टोबर १७९३ रोजी लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात संचालकांची बैठक होती. विद्यार्थ्यांच्या प्रवेशावरून वाद पेटला. हंटर बोलत असताना कोणीतरी त्यांचे म्हणणे खोडून काढले. राग आवरत ते शेजारच्या खोलीत गेले आणि तेथेच कोसळले. त्यानंतर ते उठले नाहीत. शवविच्छेदन त्यांच्या मेहुण्याने, एव्हरर्ड होम यांनी केले. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या कडक झालेल्या आढळल्या. ज्या अरुंदपणाने या शब्दकुळाला जन्म दिला होता, तोच त्यांच्या धमन्यांत उतरला होता.

२८/
विसाव्या शतकात ‘अँगर’ला राजकीय आणि सामाजिक वजन आले. ८ मे १९५६ रोजी लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये जॉन ऑस्बोर्न यांच्या ‘लुक बॅक इन अँगर’ या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. त्याच्या प्रसिद्धीतून ‘अँग्री यंग मॅन’ हे बिरुद जन्मले. नायक जिमी पोर्टर सतत धुसफुसत असतो, बायकोला बोलून बोलून घायाळ करतो. पण त्याचा राग कुठे सुरू झाला, हे तोच सांगतो : दहा वर्षांचा असताना, स्पेनच्या युद्धातून परतलेल्या बापाला बारा महिने मरताना पाहिले तेव्हा. हाती काहीच नसलेल्या मुलाचे ते दुःख होते.

२९/
हे बिरुद पुढे मुंबईला आले. १९७३ मध्ये प्रकाश मेहरा यांचा ‘जंजीर’ प्रदर्शित झाला. सलीम-जावेद यांची पटकथा, अमिताभ बच्चन यांचा इन्स्पेक्टर विजय. आणि हिंदी चित्रपटाला आपला ‘अँग्री यंग मॅन’ मिळाला. विजयच्या रागाचे मूळ काय? दिवाळीच्या रात्री लपून पाहिलेला आई-वडिलांचा खून. लंडनचे नाटक आणि मुंबईचा चित्रपट यांच्यात बाकी काही समान नाही. पण रागावलेला तरुण उभा करायचा तर त्याच्या पाठीशी शोक करणारे मूल उभे करावे लागते, हे दोन्ही लेखकांना उमगले होते. त्यांनी नकळत शब्दाचा जुना अर्थ परत आणला.

३०/
मराठीनेही हा प्रवास केला आहे, आणि तोही स्वतंत्रपणे. ‘संताप’ हा शब्द पाहा. संस्कृतात ‘तप्’ धातूपासून बनलेला हा शब्द दाह आणि क्लेश सांगतो. हिंदीत ‘संताप’ म्हणजे आजही दुःख, मनोव्यथा. मराठीत मात्र ‘संताप’ म्हणजे तीव्र राग. एखादा हिंदी भाषक ‘मुझे संताप हुआ’ म्हणाला तर तो व्यथित आहे; मराठी माणसाला ‘संताप आला’ तर समोरच्याने सावध व्हावे. नॉर्स आणि इंग्रजी यांच्यात ‘अँगर’चे जे झाले, तेच हिंदी आणि मराठी यांच्यात ‘संताप’चे झाले.

३१/
‘राग’ची वाट तर अधिकच आडवळणाची. मूळ धातू ‘रञ्ज्’, म्हणजे रंगणे, लाल होणे. संस्कृतात ‘राग’ म्हणजे रंग, आसक्ती, प्रेम. योगसूत्रांत ‘राग’ आणि ‘द्वेष’ हे परस्परविरोधी क्लेश म्हणून येतात. मराठी, कोंकणी आणि बंगालीत तोच शब्द राग म्हणजे कोप होऊन बसला. चेहरा प्रेमानेही लाल होतो आणि कोपानेही. संस्कृतने पहिली लाली धरली, मराठीने दुसरी. शब्दाचा अर्थ मुळात काय होता यावरून आज तो काय असावा, हे ठरत नाही. लोक तो कसा वापरतात, यावरून ठरते.

३२/
म्हणून ‘अँगर’चा ‘खरा’ अर्थ दुःख आहे आणि राग हा नंतरचा बिघाड आहे, असे कोणी म्हणेल तर तेही चुकीचे ठरेल. भाषा अजूनही त्यावर नवी कलमे करीत आहे : भुकेने आलेल्या चिडचिडीसाठीचा ‘हँग्री’ हा शब्द २०१८ मध्ये ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशात दाखल झाला. गंमत म्हणजे त्यातही राग एकटा नाही. त्याच्या पाठीमागे पुन्हा एक दुखणे आहे, पोटातले.

३३/
व्हायकिंगांच्या दुःखापासून विजयच्या मुठीपर्यंत या शब्दाने हजार-बाराशे वर्षे काढली. त्याच्या इतिहासातून एक गोष्ट मात्र निर्विवाद दिसते : परस्परांशी बोलणे नसलेल्या समाजांनी, वेगवेगळ्या शतकांत, दुखावलेपणाच्या शब्दालाच रागाचे नाव दिले. त्यांच्याकडे मानसशास्त्राची पुस्तके नव्हती. समोरच्या रागावलेल्या माणसाकडे पाहण्याची नजर होती. ती नजर शब्दकोशात साठून राहिली आहे. जुन्या कागदावर किंवा समोरच्या चेहऱ्यावर राग दिसला, की या माणसाला काय दुखले असेल, हा प्रश्न इतिहासाच्या वाचकाने अवश्य विचारावा.